प्रत माहितीस्तव

जुलैमध्ये पहाटे साडेपाचला फोन वाजला की मी नंबर न बघताच सांगते, "अजून काय येवक नाय." पलीकडच्यालाही पुढे काही विचारायचं नसतं. रात्रभर कोसळून झालेलं असतं, पागोळ्यांचा आवाज अजून चालूच असतो, आणि कुणाच्या तरी आईला डबा करायचा की पोरांना झोपू द्यायचं एवढंच ठरवायचं असतं. आता मी काही कलेक्टर नाही, मास्तरीण पण नाही. तालुक्याच्या गावात पंचायत समितीसमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, सगळंच. पण लोकांचा असा पक्का समज आहे की शाळेची कुठलीही बातमी आधी माझ्या मशीनमधून जाते आणि मग गावभर होते. समज अगदीच खोटा नाही.

पावसाच्या सुट्टीचं पत्र खरं तर ओरोसहून, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयातून, निघतं. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आधार घेऊन शाळांना सुट्टी देतात, मग त्या पत्राचा फोटो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून मुख्याध्यापकांकडे, तिथून पालकांच्या ग्रुपवर. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं, कौतुकच आहे. पण त्या फोटोला मरण नाही. शिक्का असतो, सही असते, वर सिंहांची मुद्रा असते, तारीख मात्र कोपऱ्यात बारीक, आणि तारीख वाचायची सवय आपल्याला नाहीच. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आदल्या साली आलेलं पत्र फिरवलं आणि आमच्या बाजूच्या गावात निम्मी पोरं घरी बसली, मास्तर शाळेत, पोषण आहाराचा भात शिजून तयार, आणि वर चक्क ऊन. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसा काही तो फोटो मीच काढलेला.

दुकान मूळचं बाबांचं. तेव्हा ते टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, सहा रेमिंग्टन मशिनी आणि प्रती काढायला एक सायक्लोस्टाईल. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस अशा बॅचेस चालायच्या, आणि संध्याकाळी क्लास सुटला की बाबा स्वतः स्टेन्सिल कापायला बसायचे. मेणकागदावर टाईप करायचं, चूक झाली की ते गुलाबी करेक्शन फ्लुइड ब्रशने लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की वरून परत टाईप. त्या फ्लुइडचा वास मला अजून आठवतो, नेलपॉलिशचा असतो ना तसा, पण जरा जास्त डोक्यात जाणारा. शाळांची परिपत्रकं तिथेच निघायची. शिपाईकाका रेक्झिनच्या बॅगेत गठ्ठा घालून वस्तीच्या एसटीने निघायचे आणि कुठल्या कुठल्या वाडीत तो कागद दोन दिवसांनी पोचायचा. मग गुरुजी तो प्रार्थनेनंतर वाचून दाखवणार आणि "घरी जाऊन पालकांना सांगा" म्हणणार, आणि पुढचं सगळं पोरांच्या तोंडावर. आम्ही दुसरीत असताना आरोग्य तपासणीची सूचना आलेली, नुसती वजन-उंची बघायची होती. ती वाडीत पोचेपर्यंत "डॉक्टर सुयो टोचणार" झाली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही फक्त तिघं. त्यातली मी एक, कारण माझ्या घरी मूळ कागद बाबांनी टाईप केलेला होता, खोटं बोलायची सोय नव्हती.

आता सगळं मोबाईलवर येतं तरी कागद काही संपला नाही. फोटो आला तरी प्रिंट लागते, प्रिंटवर पालकांची सही लागते, सहीच्या प्रिंटचा परत फोटो काढून वर पाठवायला लागतो. मला काय, माझं पोट त्यावर चाललंय. फक्त पावसाळ्यात कागद ओलावा धरतो आणि मशीनमध्ये अडकतो, दर दहा कॉपीला मशीन उघडून चुरगळलेला कागद ओढून काढायचा. म्हणून मी कागदाच्या कपाटात खाली एक जुना चाळीसचा पिवळा बल्ब लावून ठेवलाय, जून ते सप्टेंबर तो चालूच. आमच्याकडे येणारी एक शिक्षिका म्हणते तुझ्या कपाटात देव आहे काय गो, सारखी समई तेवत असते.

तर ह्या कागदांची भाषा. विषय, संदर्भ, आणि मग "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की". हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा मारलंय की शेवटी कॉम्प्युटरला शॉर्टकट देऊन टाकला, मी "उवि" एवढं टाईप करते आणि सगळी वरात आपोआप उमटते. "सदर बाब अत्यंत महत्त्वाची असून" ला "सबा". "विलंब झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल" ला "विज". काही पत्रं अशी असतात की तीन शॉर्टकट मारले की पत्रच संपतं, मधे फक्त तारीख घालायची. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, बाबा, "कळविण्यात येते" म्हणजे कळवतो कोण? बाबा मान वर न करता म्हणाले, कर्ता शोधू नको, स्पीड कमी होतो.

पण माझी शोधायची सवय गेली नाही. वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद टाईप करून एक समजलंय, पत्रात काय लिहिलंय त्यापेक्षा ते आणून देणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं. "शालेय पोषण आहार तांदूळ उचल करणेबाबत" असा कागद घेऊन येणारे गुरुजी वैतागलेले असतात, म्हणजे रिक्षाचं भाडं परत खिशातून जाणार. "नवोदय प्रवेश परीक्षा" घेऊन येणारी बाई खूश असते, कारण तिच्या वर्गात एखादं पोर चमकतंय आणि ते सांगेलीच्या नवोदय विद्यालयात जाईल अशी तिला आशा आहे. "समायोजन", म्हणजे शाळा बंद करून पोरं दुसऱ्या शाळेत घालणं, हा शब्द असलेला कागद आणणारा माणूस काहीच बोलत नाही. पाकिटातून कागद काढतो, काउंटरवर ठेवतो, आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहतो.

मधेच माझी एक चूक सांगून टाकते, नाहीतर वाटेल ही बया सगळ्यांचे कागद तपासते आणि स्वतः नामानिराळी. ऑगस्टचे पहिले दिवस होते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि मग बंदरावर जी घाई उडते ती बघितल्याशिवाय कळणार नाही, दोन महिने घरी बसलेली माणसं, डिझेल भरलेलं, जाळी शिवून तयार. अशात किनाऱ्यावरच्या एका शाळेची पालकसभा होती, शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची. शिक्षण हक्क कायद्यात त्या समितीत पंच्याहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे सभेला माणसं जमणं मुख्याध्यापकांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न. त्यांनी हाताने लिहून दिलं होतं शुक्रवार. मी तारीख बरोबर टाकली आणि वार टाकला गुरुवार. ऐंशी कॉप्या. घरोघरी गेल्या.

लोकांनी तारीख नाही, वार वाचला. गुरुवारी दहा वाजता शाळेच्या पडवीत बावीस माणसं येऊन बसली, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. सहायक बाईंनी फोन करून विचारलं तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा दुकानात आले, शांतपणे खिशातून तो कागद काढला, घडी उलगडून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बाय, गुरवारी सभा म्हणान होडी लोटूक नाय आमी. सात जाणा होती." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सात माणसांचा एक दिवस, तो पण सीझनच्या तोंडावरचा. मी पैसे परत द्यायला गेले मुख्याध्यापकांना तर ते म्हणाले राहू दे, मी पण न वाचताच सही केली. तेव्हापासून वार टाकायच्या आधी मी भिंतीवरचं कालनिर्णय बघते, कॉम्प्युटरवर बघत नाही, उठून जाऊन बोट लावून बघते.

असो. वर्षाचं एक चक्र आहे दुकानाचं. जूनच्या पंधरवड्यात प्रवेशोत्सव, मग गणपतीची सुट्टी (ती आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी बातमी, तारखा जाहीर होईपर्यंत मुंबईकरांचे फोन), मग तिमाही-सहामाहीचे पेपर, शिष्यवृत्तीचे फॉर्म, स्नेहसंमेलनाची पत्रिका, आणि मेमध्ये निकाल. निकालाचा दिवस माझा सगळ्यात आवडता. कोकण बोर्ड २०१२ ला वेगळं झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे, आणि तेव्हापासून दहावी काय नि बारावी काय, राज्यात पहिला नंबर आमचाच. २०२४ ला दहावीचे ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. पेपरात मोठा मथळा येतो, शाळा फ्लेक्स करायला देतात, १०० टक्के निकालाची परंपरा कायम. मी पण मनापासून बनवते ते फ्लेक्स, पोरांचे पासपोर्ट फोटो गोल कापून लावते. पण टक्के टाईप करताना बोट खालच्या ओळीवर येतं, परीक्षेस बसलेले विद्यार्थी: ११, उत्तीर्ण: ११. एका हायस्कूलचे. बाबांच्या वेळी तिथे दोन तुकड्या होत्या. नऊ विभागांत निकाल सगळ्यात जास्त आमचा आणि पोरं सगळ्यात कमी पण आमचीच, पण दुसरी गोष्ट फ्लेक्सवर घालायची पद्धत नाही.

आणि मग एप्रिलचा तो बॅनर. "प्रवेश देणे सुरू आहे". पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेला असली जाहिरात करायची गरजच नव्हती, पोर सहा वर्षांचं झालं की गुरुजी स्वतः घरी येऊन नाव घालायचे, जन्मतारीख माहीत नसली तर १ जून. आता इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन सकाळी सातला वाडीच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारते आणि जिल्हा परिषदेचे गुरुजी माझ्याकडे येऊन सांगतात, "डिजिटल वर्ग" जरा मोठ्या अक्षरात घाल, "मोफत गणवेश, मोफत पाठ्यपुस्तके" लाल रंगात घाल. मी दोष कुणाला देत नाही, माझा मुलगा पण त्याच व्हॅनमधून जायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे ते आहे.

मी शिकले ती शाळा आमच्या वाडीतली, पहिली ते चौथी. जांभ्या दगडाच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, मागे काजूची झाडं. इमारत मुंबईकर मंडळाने पैसे काढून बांधलेली, गिरणीत काम करणाऱ्यांनी पगारातून दिलेले पैसे. माझ्या वेळी पट चौतीस. माझ्या हाताने त्या शाळेची कागदपत्रं टाईप करायला लागले तेव्हा एकोणीस, मग बारा, मग नऊ. दहाच्या खाली गेलं की शाळेच्या नावापुढे एक सावली पडते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १३०० च्या वर शाळा बंद करायचं ठरलं होतं, पेपरात आकडा आला, तेव्हा तिथल्या बाई दुकानात येऊन नुसत्याच बसून राहिल्या होत्या अर्धा तास, काही टाईप करायला आणलं नव्हतं. त्या वेळी वाचली शाळा, कशी ते विचारू नका, आमदारांपासून ग्रामदेवतेपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

ह्या सगळ्यात मुख्य तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, आणि नुसता हजेरीपटावरचा पट नाही चालत, आधार जुळलेला पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या दुकानात आधार दुरुस्तीवाल्यांची रांग असते. एका पोराचं नाव शाळेत "ओंकार" आणि आधारला "ओमकार", तेवढ्या एका अनुस्वारावर एका शिक्षकाचं पद अडकू शकतं. लोक मला म्हणतात शुद्धलेखनाचं एवढं काय घेऊन बसलीस. मग काय घेऊन बसू.

पुढे एका वर्षी आमच्या शाळेचा ३० सप्टेंबरचा पट होता चार. आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाई एका नेपाळी बाईला घेऊन दुकानात आल्या, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. आमच्याकडे पावसाळा संपला की हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, बागेतच खोपी घालून राहतात, माकडं हाकलतात, फवारणी-काढणीला असतात आणि आंबा संपला की जूनच्या पावसाआधी परत जातात. मुलीचं नाव शाळेत घालायचं होतं, कागदांच्या झेरॉक्स हव्या होत्या. मी मशीन तापायची वाट बघत होते आणि काउंटरवर नुकतीच काढलेली एक सूचना पडलेली होती, दुसऱ्याच शाळेची. ती बाई वाकून बघायला लागली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली, "सू-च-ना". अगदी स्वच्छ. मी चमकले, मग लक्षात आलं, नेपाळीची लिपी पण देवनागरीच की. पुढे तिने वाचलं "श-नि-वार" आणि थांबली. बाईंकडे बघून हिंदीत म्हणाली, शनिवार को तो छुट्टी होता है ना? तिच्या देशात आठवड्याची सुट्टी शनिवारची. बाई म्हणाल्या नाही, इधर सकाळची शाळा असते शनिवारी, छुट्टी रविवार. तिला रविवार पटकन लागेना. मग तिने विचारलं, "आइतबार?"

माझ्याकडे तेव्हा सातबाराच्या झेरॉक्ससाठी एक म्हाताऱ्या आजी बसलेल्या, आमच्याच वाडीतल्या, त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "होय गो, आयतार. आयतारी सुट्टी." आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की जणू लांबच्या नात्यातलं कुणी भेटलं. शाळेत आम्हाला मारून मुटकून रविवार शिकवला होता, आयतार म्हटलं की गावंढळ. आणि इथे काठमांडूच्या पलीकडून आलेली बाई तोच शब्द घेऊन उभी.

मुलगी आमच्या शाळेत बसायला लागली. बाई सांगायच्या, हुशार आहे, महिन्यात पाढे म्हणायला लागली, "पंचवीस" म्हणताना तिला हसू येतं. पण ती नोव्हेंबरात आलेली. ३० सप्टेंबर होऊन गेला होता. कागदावर शाळेचा पट चारच राहिला, वर्गात पाच पोरं बसलेली असली तरी. बाई एकदा म्हणाल्या, आंबा जरा लवकर मोहरायला काय हरकत आहे, सप्टेंबरातच? चेष्टाच होती, पण मला हसता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये दोघं चौथी पास होऊन गेली, उरली दोन सख्खी भावंडं. आणि जुलैत कागद आला. ह्या वेळी बाई बाहेर रस्त्याकडे जाऊन उभ्या राहिल्या नाहीत, काउंटरपाशीच थांबल्या. मूळ पत्र वरून आलेलं, मला त्याचं पालकांसाठी सोप्या भाषेत करून द्यायचं होतं. पटसंख्या दोन, नजीकच्या शाळेत समायोजन, अंतर नऊशे मीटर, म्हणजे कायद्यातल्या एक किलोमीटरच्या आत. मी बाईंना म्हटलं, नऊशे मीटर कुठून मोजले? त्या म्हणाल्या, साकवावरून.

आमच्या वाडीतून त्या शाळेकडे जायला मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे आणि व्हाळावर साकव, म्हणजे अरुंद पूल, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं एवढा. जानेवारीत तिथून पोर उड्या मारत जाईल. जुलैत तो साकव पाण्याखाली असतो, कधी कधी तीन-तीन दिवस, आणि मग डांबरी रस्त्याने फिरून साडेतीन किलोमीटर. मोजणाऱ्याने नकाशावर पट्टी ठेवली असणार, नकाशाला पाऊस लागत नाही. पालकांनी हरकत घेतली, ठराव केला, तो पण मीच टाईप केला, "सदर साकव पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जात असल्याने". उत्तर आलं, वाहतूक भत्ता देय राहील. मग मुलांच्या बापानेच सांगितलं, जाऊ दे, मी मोटारसायकलने सोडीन, दोन पोरांसाठी बाईंना तरी कशाला अडकवायचं. ह्यावर कुणी काही बोललं नाही. खरं तर प्रत्येकाच्या मनात आधीपासून तेच असावं, फक्त पहिलं कोण बोलणार हा प्रश्न होता.

शेवटचं टायपिंग म्हणजे साहित्याची यादी. केंद्रशाळेकडे काय काय जमा करायचं त्याचा तक्ता. अनुक्रमांक, साहित्याचा तपशील, नग, शेरा. बाईंनी तीन पानं हाताने लिहून आणली होती, त्यांचं अक्षर फार सुरेख, फळ्यावरचं अक्षर कागदावर आल्यासारखं. लाकडी कपाट ०१, सुस्थितीत. बाक ०६, पैकी ०२ मोडके. जगाचा नकाशा ०१, जीर्ण. तराजू व वजने संच ०१, पैकी पन्नास ग्रॅम नाही. मला हसू आलं, ते पन्नास ग्रॅमचं वजन आमच्या वेळेपासून नाही, आमच्यातल्याच एकाने ते गळाला शिसं म्हणून नेलं होतं. पोषण आहाराचे टोप ०३. टीव्ही संच ०१, डिजिटल वर्गाचा, बंद. आणि सव्वीस नंबरला हार्मोनियम ०१.

ती पेटी मी ओळखते. मुंबईकर मंडळानेच दिलेली, भात्यावर पितळी पट्टीत वर्ष कोरलेलं. प्रार्थना, समूहगीत, २६ जानेवारी, सगळं तिच्यावर. आणि संध्याकाळी गुरुजींची परवानगी काढून वाडीतले भजनवाले ती देवळात न्यायचे, सकाळी शाळा भरायच्या आत परत आणून ठेवायचे. अशी ती पेटी अर्धी शाळेची आणि अर्धी देवळाची, असं किती वर्षं चाललेलं, रजिस्टरमध्ये अर्थातच पूर्ण शाळेची.

मी "हार्मोनियम ०१, सुस्थितीत" असं टाईप केलं, कारण गेल्या गणपतीत मी स्वतः ऐकली होती. बाईंच्या कागदावर शेऱ्याची जागा कोरी होती. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "सुस्थितीत असलेलं सगळं केंद्रशाळेत जमा करायचंय."

मी म्हटलं, "आणि नादुरुस्त?"

"नादुरुस्त तिथेच खोलीत ठेवायचं, निर्लेखन होईल यथावकाश."

निर्लेखन म्हणजे रजिस्टरमधून नाव काढून टाकणं, आणि यथावकाश म्हणजे किती ते आम्हा दोघींना माहीत होतं. केंद्रशाळेत आधीच दोन पेट्या आहेत हे पण दोघींना माहीत होतं, त्या कपाटावर आडव्या पडलेल्या असतात. खोलीची चावी वाडीतच राहणार होती. बाहेर पाऊस लागलेला, कपाटातला बल्ब पिवळा पेटलेला, आणि आम्ही दोघी त्या एका चौकटीकडे बघत होतो ज्यात कर्सर लुकलुकत होता. बाईंची नोकरीची साडेतीन वर्षं राहिलेली. त्या नियमाने वागणाऱ्या, खडूचा सुद्धा हिशोब ठेवणाऱ्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बॅकस्पेस मारला, चार अक्षरी शब्द टाईप केला आणि तीन प्रती काढल्या. त्यांनी सही केली, एक प्रत वर, एक त्यांच्याकडे, एक स्थळप्रत. कुठल्या गावची, कुठली शाळा ते मी इथे सांगणार नाही, शोधूही नका, अशा पेट्या अख्ख्या किनाऱ्यावर आहेत.

गणपतीत आमच्या घरी भजन होतं. चाकरमानी आलेले, पडवी भरलेली, उसळ-पाव झाला, बुवांनी पेटी पुढ्यात ओढली आणि भाता मारला. मृदंग लागला. व्हाळापलीकडच्या शाळेत जाणारी ती दोन भावंडं टाळ घेऊन पुढे बसली होती. बाई दर्शनाला आल्या होत्या, त्यांची आता दुसरीकडे बदली झालेली, पण गणपतीला आठवणीने येतात. दारात चप्पल काढताना त्या थांबल्या, सूर ऐकला, माझ्या शेजारी येऊन बसल्या. गजर चढत गेला. वर जाताना एका जागी बुवांचं बोट अडखळलं, त्यांनी पट्टी खालून नखाने उचलली आणि पुढे गेले.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. म्हणाल्या, "बघितलंस? एक पट्टी अडकते. म्हणजे शेरा अगदीच खोटा नाही."